बडोद्याहून नरारा, मग शिवराजपूर

बडोद्याच्या दांडियाबाजारातलं कुणी सौराष्ट्राच्या समुद्राबद्दल विचारायला आलं, की मी आधी पंचांग उघडायला लावते. वाडीनारजवळचं नरारा कच्छच्या आखातातल्या सागरी राष्ट्रीय उद्यानात येतं. तिथलं प्रवाळ पायी बघता येतं, पण फक्त ओहोटीला. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी सर्वांत लांब ओसरतं. ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा ती बघूनच निघा.

सौराष्ट्र मेलनं जामनगरला उतरा, पुढे गाडी करा. ओळखपत्र हवंच, वनखात्याची परवानगी लागते. वाटाड्या घ्याच. त्याच्याशिवाय खडकाच्या रंगात मिसळलेला ऑक्टोपस दिसणं कठीण. पायांत घट्ट, जाड तळाचे बूट घाला आणि जिवंत प्रवाळावर पाऊल ठेवू नका. फुगणारा पफर मासा कुणी हातात द्यायला आलं तर स्पष्ट नाही म्हणा, मुलांनाही तेच शिकवा. भीतीनं फुगतो तो, बिचारा!

स्कूबा, स्नॉर्केलिंग करायचं तर द्वारकेजवळच्या शिवराजपूरला जा. हिवाळाच बरा. पाण्यात शिरण्याआधी प्रशिक्षकाकडून हाताच्या खुणा नीट शिकून घ्या, आणि दमा किंवा कानाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.