जेट स्की तापतेय? आधी पाण्याची वाट तपासा

कसारा घाटात गाडी तापली तर काय करायचं हे नाशिककराला कुणी शिकवावं लागत नाही. गाडी कडेला घ्यायची, बॉनेट उघडायचं, वाफ निवेपर्यंत चहा प्यायचा. गंगापूर धरणाच्या पाण्यावर जेट स्की तापली तेव्हा आमच्या एका मित्राने हेच केलं. सीट काढली, आत डोकं घातलं आणि पंधरा मिनिटं रेडिएटर शोधत बसला. तो सापडणार कसा? जेट स्कीला रेडिएटर नसतो आणि तो गार करणारा पंखाही नसतो. ज्या पाण्यावर ती चालते, तेच पाणी तिला गार ठेवतं.

द्राक्षबागायतदाराला हे लगेच कळेल. वेल सुकायला लागली म्हणून कुणी आधी मुळं उकरत नाही. फिल्टर बघतो, नळी बघतो, ड्रिपर चोकअप झालाय का ते बघतो. इथेही तसंच करायचं. पाणी कुठून आत येतं, कुठून फिरतं आणि कुठून बाहेर पडतं, त्याच क्रमाने तपासत जायचं. इंजिन उघडायचं ते सगळ्यात शेवटी.

पाण्यावर असतानाच

बझर वाजला, तापमानाचा दिवा लागला किंवा थ्रॉटल दाबूनही वेग आपोआप पडला, तर थ्रॉटल सोडा. वेग पडणं हा बिघाड नसतो. इंजिन वाचावं म्हणून यंत्रणेनेच वेग बांधलेला असतो. काठ अगदी जवळ असेल तर संथ चालवत या. लांब असेल तर इंजिन बंद करा, मनगटाची किल स्विचची, म्हणजे इंजिन तोडणाऱ्या बटणाची, दोरी ओढून काढा आणि दुसरी बोट बोलवा. ‘काठापर्यंत जाईल की’ म्हणत दामटलं तर रबरी एक्झॉस्ट पाइप जळतो, पुढे सिलिंडरचं हेड वाकतं, आणि मग खर्चाचा आकडा ऐकायला खुर्ची लागते.

बंद जेट स्की ओढून नेताना घाई करू नका. वेगाने ओढली तर पाणी पंपातून कूलिंगच्या नळीत दाबानं शिरतं, तिथून एक्झॉस्टमध्ये आणि शेवटी सिलिंडरमध्ये. माणूस भराभर चालतो तेवढाच वेग ठेवा. बऱ्याच मॉडेलांत पंपाकडून येणारी नळी चिमट्याने दाबून ठेवायची सोय असते. ती दाबली असेल तर इंजिन पुन्हा सुरू करण्याआधी आठवणीने सोडा.

तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका. सीट उघडा, हवा लागू द्या, पेट्रोलचा वास येतोय का बघा आणि थांबा.

पाणी फिरतं कसं

खालच्या जाळीतून पाणी आत येतं. इम्पेलर, म्हणजे पंपातला पंखा, ते दाबानं मागे फेकतो आणि जेट स्की पुढे जाते. त्याच दाबावरचं थोडं पाणी एका नळीतून इंजिनाकडे जातं, इंजिन आणि एक्झॉस्टभोवती फिरतं आणि बाहेर पडतं. त्यातला एक भाग बारीक धारेच्या रूपात दिसतो. ही धार ओळखीची करून ठेवा. जेट स्की ठणठणीत असताना ती किती जोरात आणि कुठून पडते याचा मोबाइलवर व्हिडिओ काढलात, तर अडचणीच्या दिवशी तुलना करता येईल.

आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर लावायच्या, मोटरीवर काम केलेले मेकॅनिक इथेही रबरी वॉटर पंप शोधतात. इथे तसा वेगळा पंप नसतो. पुढे ढकलणारा पंपच पाणीही पुरवतो.

यामाहा आणि कावासाकीच्या जेट स्कींत बाहेरचं पाणी थेट इंजिनातून फिरतं. सी-डू कंपनीच्या फोर-स्ट्रोक जेट स्कींत इंजिनाभोवती बंद चक्रात कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, असतं. ते तळाच्या धातूच्या पट्टीतून फिरून तलावाच्या पाण्याने निवतं. एक्झॉस्टला मात्र तिथेही बाहेरचंच पाणी लागतं. आपली गाडी कोणत्या जातीची हे आधी ठरवा, कारण पुढची अर्धी तपासणी त्यावर आहे.

जाळी आणि शाफ्ट

गाडी ट्रेलरवर घ्या, दोरी काढलेली आहे याची पुन्हा खात्री करा आणि खालून बघा. बहुतेक वेळा शोध इथेच संपतो. पावसाळ्यानंतर काड्या आणि पाणगवत, नदीच्या खालच्या अंगाला जलपर्णी, आणि वर्षभर कुठेही प्लास्टिकची पिशवी. निर्माल्यातला दोरा सगळ्यात वाईट. जाळी स्वच्छ दिसते, पण दोरा आत शाफ्टला, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या दांड्याला, पिळे घालून बसलेला असतो आणि टॉर्च मारल्याशिवाय दिसत नाही. तो ओढू नका, पातीने तुकडे करून काढा.

मे महिन्यात पाणी खाली गेलं की आणखी एक भानगड होते. काठाजवळच्या उथळ पाण्यात गाडी सुरू केली तर पंप पाण्यासोबत गाळ आणि वाळू ओढतो. वाळू नळीच्या वळणावर साचते. किमान तीन फूट पाणी मिळेपर्यंत गाडी ढकलत न्या, मगच सुरू करा. कपडे भिजतात, पण पँट वाळते.

नळ जोडून परीक्षा

फ्लशिंगच्या, म्हणजे इंजिन आतून धुवायच्या, तोंडाला बागेचा पाइप जोडा. इथे क्रम चुकवायचा नाही. आधी इंजिन सुरू, मग लगेच पाणी. बंद करताना आधी पाणी बंद, मग इंजिनला एक-दोन वेळा हलकी रेस देऊन साचलेलं पाणी बाहेर टाका आणि इंजिन बंद करा. उलटं केलं तर एक्झॉस्ट बाहेर ढकलायला नसल्यामुळे पाणी मागे सिलिंडरमध्ये चढतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पुढच्या स्टार्टला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. पाण्याविना इंजिन दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त चालवू नका. सी-डूसारख्या गाड्यांत पाइप जोडलेला असला तरी दोन मिनिटांत आटपा, कारण तळाची पट्टी पाण्यात नसते आणि शाफ्टचं सील कोरडं फिरत असतं.

आता धार बघा. नळावर धार जोरदार पण तलावात मंद, असं असेल तर दोष पंपाच्या बाजूला आहे: जाळी, इम्पेलर किंवा पंपाकडून येणारी नळी. नळावरही धार मरतुकडी असेल तर आत किंवा बाहेर पडण्याच्या तोंडाशी अडलंय. ते तोंड मऊ तारेने हलकेच मोकळं करा. सहा महिने शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीत तिथे हमखास कुंभारीण माशीचं मातीचं घर निघतं. मी स्वतः एकदा थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानावर उघडणारी झडप, बदलून बसलो, आणि कारण निघालं बोटभर माती.

नळ्या चाचपून बघा. क्लिप सैल, नळी मुडपलेली, किंवा आतून थर सुटून झडप झाल्यासारखी बंद. गाडीच्या पोटात नेहमीपेक्षा जास्त पाणी साचत असेल तर एखादी नळी गळतेय, म्हणजे इंजिनाच्या वाट्याचं पाणी बाहेर सांडतंय.

क्षार साचलेत म्हणून ठिबकसारखी ॲसिड ट्रीटमेंट करायचा मोह आवरा. इथे ॲल्युमिनियम आहे, ॲसिड ते खातं.

पंखा झिजलाय का

इंजिन किंचाळतं पण गाडी ओढत नाही, आणि तापते ती वेगात असतानाच. ही खूण दिसली तर इम्पेलरच्या कडा आणि त्याभोवतीची वेअर रिंग, म्हणजे झिजणारी कडी, बघा. दगड गेलेला असला तर रिंगवर खोल ओरखडा दिसतो. दोघांतली फट वाढली की पाणी मागे निसटतं, दाब पडतो, आणि ओढ व गारवा एकदमच कमी होतात. फट फीलर गेजने, म्हणजे मापाच्या पातळ पट्ट्यांनी, मोजून मॅन्युअलशी ताडून पाहा. बऱ्याच गाड्यांत रिंग वेगळी बदलता येते.

कूलंटची गाडी असेल तर

इंजिन पूर्ण गार झाल्यावरच झाकण उघडा. पातळी कमी असेल तर नुसती भर घालून मोकळे होऊ नका, गेलं कुठे ते शोधा. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं घ्या. बोअरचं पाणी नको. झाकणाचं रबरही तपासा. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटरवर आहे, उघड्या भांड्यात पाणी इथे 98 अंशांच्या आसपास उकळतं. बंद चक्रातला दाब हा उकळबिंदू वर नेतो. झाकण दाब धरत नसेल तर कूलंट लवकर उकळून बाहेर पडतं. पातळी ठीक असूनही तापमान उड्या मारत असेल तर चक्रात हवा अडकलीय का बघा.

थर्मोस्टॅटची परीक्षा घरी होते. पातेल्यात पाणी तापवा, थर्मोस्टॅट दोऱ्याला टांगून सोडा, थर्मामीटर ठेवा. त्याच्यावर छापलेल्या आकड्याच्या आसपास उघडायला हवा. ते पातेलं परत स्वयंपाकघरात नेऊ नका.

सगळं ठीक, तरी बझर

मग सेन्सर किंवा त्याचा सॉकेट. अलिबाग-मुरूडला खाऱ्या पाण्यात जाऊन आलेल्या गाडीत पिना हिरव्या पडलेल्या सापडतात. इन्फ्रारेड थर्मामीटरने हेड आणि एक्झॉस्ट मोजून डॅशबोर्डशी ताडा. कोकणातून येताना गाडी तिथेच, त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवायची. घाट चढून नाशिकला येईपर्यंत मीठ वाळून बसलेलं असतं.

शेवटी डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढा. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी आत गेलंय. कारण हेड गॅस्केट असू शकतं किंवा वर सांगितलेली फ्लशिंगची चूक. इथे स्टार्टर मारू नका, गाडी जाणत्या मेकॅनिककडे द्या. ऑइल आणि कूलंट कॅनमध्येच काढा, काठावर सांडू नका. गंगापूरचं पाणी उद्या आपल्याच नळाला येणार आहे.

दुरुस्तीनंतर पहिली फेरी काठाजवळ, पाच मिनिटं, संथ. परत या, सीट उघडा, क्लिपा ओल्या आहेत का बोट लावून बघा, मग दहा मिनिटं वेगात. हंगाम संपला की धारेच्या तोंडात आणि फ्लशिंगच्या तोंडात कापडाचे बोळे कोंबा म्हणजे कुंभारीण शिरणार नाही. बोळ्यांना लाल फीत लावून ती किल स्विचच्या दोरीला बांधून ठेवा. नाहीतर पुढच्या मोसमात बोळ्यासकट गाडी पाण्यात जाते, आणि बझर पुन्हा वाजतो.