वीतभर अंतरावरून कीटक: टेलिफोटो मॅक्रो लेन्सचा वापर

मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून छोट्या वस्तू टिपणारी लेन्स, घेताना ती कीटक किती मोठा दाखवते, हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो. वास्तविक ६०, १०० किंवा १८० मिलिमीटरच्या बहुतेक मॅक्रो लेन्स एकास एक एवढेच वर्धन देतात, म्हणजे एक सेंटिमीटर लांबीच्या कीटकाची सेन्सरवर पडणारी प्रतिमाही एक सेंटिमीटरच असते. फरक पडतो तो अंतरात. एवढ्या वर्धनासाठी १०० मिलिमीटरच्या लेन्सची पुढची काच कीटकापासून साधारण १५ सेंटिमीटरवर आणावी लागते, तर १८० मिलिमीटरच्या लांब, म्हणजेच टेलिफोटो, मॅक्रो लेन्सला सुमारे २४ सेंटिमीटर, म्हणजे वीतभर अंतर पुरते. पाण्याकाठच्या गवतावर बसलेली टाचणी (चतुरासारखा, पण सडपातळ कीटक) या थोड्याशा अंतरामुळे जागेवर टिकते. मोठ्या कीटकांच्या बाबतीत हा लाभ आणखी वाढतो. महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू असलेल्या ब्लू मॉरमॉनच्या पंखांचा विस्तार १२ ते १५ सेंटिमीटर असतो, त्यामुळे फुल फ्रेम कॅमेऱ्यात (३६ × २४ मिलिमीटरच्या सेन्सरवर) ते पूर्ण मावण्यासाठी एकास चार किंवा त्याहून थोडे कमी वर्धन पुरे होते आणि १८० मिलिमीटरच्या लेन्सने जवळजवळ एक मीटर दूर राहून काम होते; १०० मिलिमीटरला त्याच छायाचित्रासाठी साधारण अर्ध्या मीटरवर जावे लागते.

दुसरा लाभ पार्श्वभूमीचा आहे, आणि माझ्या मते या लेन्सवर जास्त पैसे खर्च करण्याचे खरे कारण तोच आहे. लांब लेन्सचा दृश्यकोन अरुंद असल्याने कीटकामागचा परिसर फारच थोडा चौकटीत येतो, त्यामुळे कॅमेरा चार बोटे डावीकडे किंवा खाली सरकवला तरी मागची वाळलेली काडी किंवा आकाशाचा पांढरा तुकडा निघून जातो आणि त्या जागी दूरच्या झाडीचा एकसंध हिरवा रंग येतो. म्हणून कीटक दिसताच बटण दाबण्याऐवजी आधी त्याच्या मागे काय आहे ते पाहावे.

मात्र लांब लेन्समुळे तीक्ष्णतेची खोली (पुढून मागे जेवढा भाग स्पष्ट दिसतो तेवढी जाडी) वाढेल, अशी अपेक्षा ठेवू नये. वर्धन आणि ॲपर्चर (लेन्समधील छिद्र; एफचा आकडा जितका मोठा तितके ते बारीक) समान असतील, तर जवळून काम करताना ही खोली सर्व लेन्सच्या बाबतीत जवळपास सारखीच असते: फुल फ्रेम कॅमेऱ्यावर एफ/११ ला एकास एक वर्धनात ती जेमतेम सव्वा मिलिमीटर भरते, आणि वर्धन निम्मे केल्यास चार मिलिमीटरपर्यंत जाते. ॲपर्चर एफ/२२ पर्यंत बारीक करून हा प्रश्न सुटत नाही, कारण एकास एक वर्धनात लेन्सचे प्रत्यक्ष ॲपर्चर दर्शवलेल्या आकड्यापेक्षा सुमारे दोन स्टॉपने (म्हणजे प्रकाश चौथाई उरेल इतके) बारीक होते आणि विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सारेच चित्र मऊ पडते. एफ/८ ते एफ/१३ या टप्प्यात राहून कीटकाचे शरीर सेन्सरला समांतर येईल अशी जागा शोधावी, हा अधिक खात्रीचा मार्ग आहे. पंख मिटलेले फुलपाखरू किंवा टाचणी काटकोनात बाजूने घेतल्यास डोक्यापासून पोटाच्या टोकापर्यंत सर्व भाग तीक्ष्ण येतो. समोरून घ्यायचे असेल, तर डोळे तीक्ष्ण ठेवून उरलेला भाग धूसर होऊ द्यावा.

फोकस साधताना लेन्सवर अंतरमर्यादेचा स्विच असल्यास तो जवळच्या टप्प्यावर ठेवावा, अन्यथा ऑटोफोकस पूर्ण पल्ला फिरून येईपर्यंत कीटक निघून जातो. अर्ध्याहून अधिक वर्धनात मी ऑटोफोकस बंद ठेवण्याचाच सल्ला देईन: हवे ते वर्धन आधी ठरवावे, मग स्वतःच किंचित पुढेमागे झुलत डोळा तीक्ष्ण दिसताच सलग तीन-चार छायाचित्रे घ्यावीत. वारा असताना ट्रायपॉडचा उपयोग कमीच होतो, कारण कॅमेरा स्थिर राहिला तरी काडी हलत राहते. जड लेन्ससाठी मोनोपॉड (एकपायी आधार) सोयीचा पडतो. लेन्समधील कंपनरोधक यंत्रणा इतक्या जवळून फारशी प्रभावी राहत नाही, तेव्हा हातात धरून काम करताना शटरचा वेग १/२५० सेकंदाहून कमी करू नये आणि त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १६०० पर्यंत वाढवावा लागला तरी तो निःसंकोच वाढवावा.

प्रकाशाच्या बाबतीत मात्र लांब लेन्सची एक अडचण आहे. कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश कीटकापासून दूर पडतो, त्यामुळे त्याचा प्रकाश कठीण होतो आणि भुंगेऱ्याच्या चकचकीत पाठीवर पांढरा डाग उमटतो. ब्रॅकेट लावून फ्लॅश लेन्सच्या टोकापर्यंत पुढे आणावा आणि त्याच्यासमोर मोठा डिफ्यूजर (प्रकाश पसरवणारा पडदा) बसवावा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सह्याद्रीत पातळ ढगांतून जो सारखा प्रकाश मिळतो, त्यात फ्लॅशशिवायही काम भागते.

यापुढचा भाग उपकरणांचा नसून कीटकांच्या सवयींचा आहे. कीटकांच्या शरीराचे तापमान बाहेरच्या हवेवर अवलंबून असल्याने पहाटेच्या गारव्यात ते जड असतात आणि ऊन अंगावर येईपर्यंत उडत नाहीत. चांगली छायाचित्रे मिळण्याची शक्यता या वेळेतच सर्वाधिक असते. चतुर उडून गेला तरी अनेक जाती त्याच काडीच्या टोकाकडे परततात, त्यामुळे त्याचा पाठलाग करण्यापेक्षा त्या टोकावर फोकस साधून थांबावे. ओढ्याकाठच्या ओल्या मातीवर चिखलपान करणारी (मातीतील क्षार शोषणारी) फुलपाखरे त्यात इतकी गुंग असतात की सावकाश सरकत त्यांच्या पातळीवर जाता येते. जवळ जाताना आपली सावली कीटकावर पडू देऊ नये, कारण तिने तो बहुधा लगेच उडतो. आंबोलीसारख्या ठिकाणी पावसाळ्यात जमिनीवर आडवे होण्यापूर्वी आजूबाजूची पाने नीट पाहावीत. हिरवा चापडा हा विषारी साप पानांत सहज दिसत नाही.

वेगळी मॅक्रो लेन्स घेणे शक्य नसल्यास आपल्याकडे असलेल्या ७०-३०० मिलिमीटरच्या झूमला अधिक दोन डायॉप्टरची (डायॉप्टर म्हणजे भिंगाच्या शक्तीचे माप), दोन काचांची क्लोज-अप लेन्स पुढून लावावी. झूम ३०० वर आणि फोकस अनंतावर ठेवल्यास अर्ध्या मीटरवरून ०.६ पट वर्धन मिळते, जे फुलपाखरे आणि चतुर यांच्यासाठी भरपूर आहे.

कीटक फ्रिजमध्ये ठेवून सुस्त करण्याचा प्रकार काही जण करतात; तो करू नये, आणि आड येणारी काडी तोडण्याऐवजी हलकेच बाजूला धरावी. मनासारखी चौकट मिळाल्यावरही ओळख पटवण्यासाठी आणखी दोन साधी छायाचित्रे घ्यावीत: फुलपाखराच्या पंखांची वरची आणि खालची बाजू, आणि टाचणीच्या बाबतीत पोटाच्या शेवटच्या खंडांचे जवळून घेतलेले छायाचित्र, कारण तेथील उपांगांच्या आकारावरूनच एकमेकींसारख्या दिसणाऱ्या अनेक जाती वेगळ्या काढता येतात.