लाल की हिरवी? न्यू मेक्सिकोत झणझणीत खायला कुठं जायचं आणि काय मागवायचं

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या कुठल्याही जुन्या हॉटेलात बसलात की ऑर्डर घेताना विचारलं जाणारच, ‘रेड ऑर ग्रीन?’ म्हणजे पदार्थावर मिरचीचा रस्सा लाल हवा की हिरवा? हा प्रश्न त्या राज्यानं अधिकृत राज्यप्रश्न म्हणून स्वीकारलेला आहे. ‘ख्रिसमस’ असं उत्तर दिलं तर अर्ध्या ताटावर लाल आणि अर्ध्यावर हिरवी येते. नव्या हॉटेलात पहिल्यांदा ख्रिसमसच मागवावं. ज्यांची लाल उत्तम असते त्यांची हिरवी कित्येकदा बेताचीच असते, आणि ते एकाच ताटात लगेच कळतं.

मिरची दोन्हीकडे तीच. पूर्ण वाढलेली पण न पिकलेली मिरची भाजून, साल काढून चिरली की हिरवी. तीच झाडावर लाल होऊ देऊन वाळवली, कुटली आणि पाण्यात किंवा मांसाच्या पाण्यात शिजवली की लाल. ही चटणी नव्हे, पदार्थावर पळीनं ओतायचा दाट रस्सा असतो. आजच्या लांब, गरदार वाणांचं मूळ बागायतशास्त्रज्ञ फाबियन गार्सिया यांनी 1921 साली दिलेल्या ‘न्यू मेक्सिको नंबर 9’ मध्ये आहे, आणि ते वाण मुद्दामच सौम्य ठेवलेलं होतं. त्यामुळे लवंगी मिरचीवर वाढलेल्या जिभेला बहुतेक ठिकाणी तिखटाचा धक्का बसणार नाही. इथं चवीला जायचं ते भाजल्याच्या धुरकट वासासाठी आणि लाल मिरचीच्या मातकट गोडीसाठी.

तरीही तिखटपणा गृहीत धरू नका. पाण्याचा ताण पडलेली, कडक उन्हातली मिरची जास्त तिखट होते. एकाच शेतातल्या दोन तोडण्यांत फरक पडतो, म्हणून एकाच हॉटेलात या आठवड्यात हिरवी जहाल तर पुढच्या आठवड्यात लाल. ‘आज कुठली जास्त तिखट आहे?’ असं सरळ विचारा. खरं उत्तर मिळतं. शंका असेल तर दोन्ही छोट्या वाटीत चाखायला मागा, बहुतेक जागी देतात.

प्रवास दक्षिणेकडून उत्तरेकडे, आंतरराज्य महामार्ग 25 धरून करावा. दक्षिणेत हिरवीचं राज्य आहे, उत्तरेकडे लाल भाव खाते.

लास क्रूसेसच्या दक्षिणेला ला मेसा गावात ‘चोप्स’ आहे. तिथं रेयेनो खा: आख्खी भाजलेली मिरची, आत चीज, वरून फेटलेल्या अंड्याचं आवरण, तेलात तळलेली. रेयेनो ताट समोर आल्याबरोबर खायचा, पाच-दहा मिनिटांत आवरण मऊ पडतं. हॅच हे गाव लास क्रूसेसपासून साधारण 40 मैलांवर. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर गेलात तर गॅसच्या भट्टीवर फिरणाऱ्या जाळीच्या पिंपात मिरची भाजली जात असते, वास रस्त्यापर्यंत येतो. तिथल्या ‘स्पार्कीज’चा हिरव्या मिरचीचा चीजबर्गर प्रसिद्ध आहे. मात्र ते आठवड्यातले काही दिवस बंद असतं, तेव्हा निघण्याआधी वेळ बघून घ्या. पुढे सोकोरोच्या जवळ सॅन अँटोनियोत ‘आउल बार’ आहे, तिथंही हाच बर्गर. दोन्ही खाऊन फरक पाहायचा असेल तर दुसरा निम्मा वाटून घ्या, नाहीतर रात्रीच्या जेवणाची वाट लागते.

अल्बुकर्कीत पहिला मान ‘मेरी अँड टिटोज’ला. 2010 साली त्यांना पाककलेतल्या नामांकित जेम्स बिअर्ड फाउंडेशनचा ‘अमेरिकाज क्लासिक्स’ सन्मान मिळाला, आणि तो लाल मिरचीच्या जोरावर. मागवायचं ते कार्ने अडोवाडा: लाल मिरचीत मुरवून मंद आचेवर शिजवलेलं डुकराचं मांस. विद्यापीठासमोरचं ‘फ्रंटियर’ सकाळपासून रात्री उशिरापर्यंत चालू असतं. विमान उशिरा उतरलं तर तिथं ग्रीन चिली स्टू आणि लोण्यात भिजलेला स्वीट रोल यावर भागतं.

सांता फेत ‘द शेड’ 1953 पासून आहे. निळ्या मक्याच्या एन्चिलाडा, म्हणजे आत सारण भरलेल्या पोळ्या, लाल मिरचीत मागवा. सोबत लसणाचा पाव येतो, उरलेली लाल त्यानं पुसून खायची. रात्रीसाठी आधी टेबल राखून ठेवा. नाश्त्याला ‘टिया सोफियाज’, पण ते दुपारनंतर बंद होतं. ज्यांना खरोखरच घाम फुटायला हवा त्यांनी सेरिओस रोडवरच्या ‘हॉर्समन्स हेवन’मध्ये ‘लेव्हल टू’ हिरवी मागावी, तीही ताटावर ओतून नाही, बाजूला वाटीत. एकदा ओतली की परत काढता येत नाही. सांता फेपासून पाऊण तासावर चिमायो. तिथल्या ‘रांचो दे चिमायो’त गावच्या जुन्या वाणाची लाल मिरची चाखण्याचा योग साधावा.

लाल रस्सा चांगला कसा ओळखायचा? रंग विटकरी, पोत गुळगुळीत, टोमॅटोचा आंबटपणा नाही. जिभेच्या मागे कडवटपणा राहिला तर मिरचीची पूड तेलात करपलेली आहे. हिरवीत मिरचीचे तुकडे आणि काळे भाजके ठिपके दिसले पाहिजेत. गोंदासारखी तकाकी आणि पिठूळ चव असेल तर मिरची कमी आणि मैदा जास्त.

शाकाहारी मंडळींनी तीन गोष्टी स्वतंत्रपणे विचाराव्यात, ‘व्हेजिटेरियन आहे का?’ एवढ्यावर थांबू नये. लाल मिरचीत मांस किंवा मांसाचं पाणी आहे का? हिरवीत कोंबडीचं पाणी आहे का? बीन्स आणि टॉर्टियात, म्हणजे तिथल्या पोळीत, डुकराची चरबी आहे का? बऱ्याच ठिकाणी दोहोंपैकी एकच रस्सा बिनमांसाचा असतो, त्यामुळे लाल-हिरवीचा निर्णय तिथंच होऊन जातो.

जीभ पेटली तर पाणी किंवा बिअर पिऊन उपयोग नाही. तिखटपणा देणारं कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, उलट तोंडभर पसरतं. दूध किंवा सावर क्रीम घ्या. जेवणासोबत येणारी सोपापिया, म्हणजे फुगलेली तळलेली पोळी, तिचा कोपरा तोडून आत मध घालून खा. ती शेवटासाठी राखू नका, मधे मधे खायची असते. सांता फे समुद्रसपाटीपासून सुमारे 7,000 फुटांवर आहे. तिथं मार्गारिटा कॉकटेल लवकर चढतं आणि शरीरातलं पाणीही भराभर कमी होतं. दिवसभर पाणी पीत राहा, तिखट खाताना मात्र भरवसा दुधावर. बिलावर 18 ते 20 टक्के टिप धरून चला.

घरी न्यायला ताजी भाजलेली मिरची मोहात पाडते, पण पोतं 25 पौंडांच्या पुढेच असतं आणि भाजलेली मिरची गरम राहिली की लवकर आंबते. गाडीनं जाणार असाल तरच घ्या: पिशवीत पंधरा-वीस मिनिटं वाफू द्या, साल सुटते, मग गार करून, सालीसकट छोट्या पिशव्यांत बर्फपेटीत ठेवा. हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नका, हातमोजे असलेले बरे. विमानानं जाणाऱ्यांनी वाळवलेली लाल पूड घ्यावी. 2011 च्या राज्य कायद्यानुसार राज्याबाहेर पिकवलेली मिरची ‘न्यू मेक्सिको चिली’ म्हणून विकता येत नाही, म्हणून वेष्टनावर ते शब्द आहेत का पाहा. चिमायोची पूड महाग असते. स्वस्तात मिळाली तर शंका घ्या. आणि ती मसाल्याच्या डब्यात न ठेवता बंद बरणीत फ्रिजरमध्ये ठेवा, बाहेर काही महिन्यांत रंग उतरतो आणि वास जातो.