गोठ्याचा बोर्ड रोहिणीतच उघडून बघा

वळवाच्या एक-दोन सरी झाल्या की आपण बी-बियाणं आणि खताच्या मागे लागतो. गोठ्यातला लाइटचा बोर्ड कोणाच्या ध्यानात नसतो. मृगाचा पाऊस लागल्यावर भिंत ओली होते, पत्र्याला करंट उतरतो आणि दावणीची गाय जाते. हे काम रोहिणीत, जमीन कोरडी असतानाच उरकून घ्या.

आधी मेन पाडून जुन्या बोर्डाचं झाकण काढा. स्क्रूपाशी तांब्यावर हिरवट थर चढलेला दिसेल. जनावरांच्या मुतातून निघणारा अमोनिया तांबं-पितळ खातो. जोड सैल होतो, तापतो, आणि बोर्डावर कडब्याचा भुसा बसलेला असतोच. म्हणून गोठ्यात लाकडी बोर्ड नको. रबरी पॅकिंगचा, पाणी आणि धूळ आत न जाणारा प्लास्टिकचा डबा घ्या. तो जनावराचं शिंग, शेपूट पोचणार नाही इतक्या उंच आणि धुण्याचा फवारा लागणार नाही अशा जागी बसवा.

घरापासून गोठ्यापर्यंत बाभळीवरून झोके खात आलेली वायर काढून टाका. आर्मर्ड केबल (लोखंडी तारांचं कवच असलेली) पाऊण मीटर खोल चरात, खाली-वर वाळू आणि वर विटा देऊन पुरा. जाडीत काटकसर नको. दोन एचपीची सिंगल फेज कडबाकुट्टी चालताना साधारण १० ते १२ अँपिअर ओढते, सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट. गोठा ६० मीटरवर असेल आणि तांब्याची अडीच एमएमची वायर असेल, तर सुरू होतानाच ५० व्होल्टच्या आसपास वाटेत जातात. मोटर नुसती गुरगुरते आणि वाइंडिंग जळतं. तिथे सहा एमएमच लागते. घरच्या मीटरचा मंजूर भार पुरत नसेल तर तोही वाढवून घ्या.

आता मुख्य गोष्ट. बोर्डात एमसीबी, म्हणजे करंट प्रमाणाबाहेर वाढला की आपोआप पडणारा स्विच, आहे म्हणून जनावर वाचेल, हा समज सोडा. समजा गोठ्याच्या अर्थिंगचा रोध ५० ओहम आहे. मोटरच्या बॉडीला फेज लागला तर २३० भागिले ५०, म्हणजे साडेचार अँपिअरच जमिनीत जातो. १६ अँपिअरची एमसीबी हलतसुद्धा नाही, आणि मोटर, खांब, गव्हाणीचा पाइप सगळ्यात करंट उतरलेला राहतो. बऱ्याच ठिकाणी फेज आणि अर्थिंगमध्ये बल्ब लावून ‘लख्ख पेटला, अर्थिंग पक्की’ म्हणतात. १०० वॅटच्या बल्बला अर्धा अँपिअरही लागत नाही. ५० ओहमच्या अर्थिंगवरही तो लख्खच पेटतो. ही परीक्षा धोक्याची आहे आणि खोटीही. अर्थ टेस्टर, म्हणजे अर्थिंगचा रोध मोजायचं यंत्र, लावून आकडा बघा.

म्हणून गोठ्याच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवीच. थोडासा करंट जरी जमिनीत गळला, तरी लाइन तोडणारा हा स्विच. दुकानात आरसीसीबीला ईएलसीबीही म्हणतात. तिच्या पुढे कडबाकुट्टीला आणि दिव्यांना वेगवेगळी एमसीबी. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्याला दाबा. पण लक्षात ठेवा, अर्थिंगची तार तुटलेली असली तरी त्या बटणाने आरसीसीबी पडतेच. बटण अर्थिंगची खात्री देत नाही.

गोठ्याला स्वतःची अर्थिंग द्या: अडीच मीटरचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी ओतायला नरसाळं. खड्डा जनावरं उभी राहतात तिथून लांब असावा, कारण दोष आला की त्याच्या भोवतालच्या जमिनीतही विजेचा दाब चढतो. खांब, पत्रा, गव्हाणीचा पाइप, पाण्याची लाइन सगळं जीआय पट्टीने एकमेकांना आणि अर्थिंगला जोडा. न्यूट्रल आणि अर्थिंग गोठ्यात कुठेही एकत्र करू नका. एक फेज गेला की अर्थिंगवरून न्यूट्रल घेऊन दिवे लावायची सवय तर आजच बंद करा.

माणूस चपलेत असतो, त्याला नुसत्या झिणझिण्या येतात. गाय ओल्या शेणमुतात चार खुरांवर उभी. पुढच्या-मागच्या पायांत दीड मीटरचं अंतर, आणि त्या वाटेतच काळीज. म्हैस हौदाला तोंड लावून दचकून मागे येत असेल, धार काढताना एकाच जागी पाय झटकत असेल, तर तिला खोडकर म्हणून मारू नका. आधी मेन पाडा आणि वायरमन बोलवा. हे सगळं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यायचं आहे.

आणि कधी जनावर तडफडताना दिसलंच, तर आपली पहिली धाव दावं सोडायला जाते. माणसंही त्यातच जातात. हात लावू नका, ओल्यात पाय टाकू नका. घरी पळा आणि मेन पाडा. बाहेरची तार तुटून पडली असेल तर सगळ्यांना लांब थांबवा, वीज कंपनीच्या १९१२ या नंबरला फोन करा, आणि लाइन बंद झाल्याचं कळेपर्यंत गोठ्यात कोणालाही जाऊ देऊ नका.