लग्नाचे फोटोग्राफर: पुढची कामं मिळवायची एक सोपी युक्ती

काम चांगलं असूनही नव्या चौकश्या येत नाहीत आणि जाहिरातीवर पैसे जातच राहतात? त्याच लग्नात राबलेल्या बाकीच्यांना त्यांच्या कामाचे फोटो देऊन बघा.

१. कार्यक्रमाच्या दिवशीच सजावटवाले, मेकअप करणारी, केटरर आणि हॉलचा मॅनेजर यांचे नंबर घ्या.

२. प्रत्येकाला फक्त त्याच्याच कामाचे ८-१० फोटो निवडून द्या. सजावट पाहुणे येण्याआधी, रिकाम्या हॉलमध्ये टिपा. सजावटवाल्याकडे नेमका तोच फोटो नसतो, तेव्हा तो बिचारा शिडीवर असतो!

३. आठवड्याच्या आत पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर क्वालिटी घसरते. कोपऱ्यात तुमचं नाव बारीक असू द्या; भलामोठा वॉटरमार्क असलेला फोटो कोणी वापरत नाही.

हॉलच्या मॅनेजरला तर मुळीच विसरू नका. तारीख ठरवायला लोक बहुधा आधी त्याच्याकडे जातात, आणि 'फोटोग्राफर कोण बरा?' हेही त्यालाच विचारतात.

मात्र वधूवरांचे किंवा पाहुण्यांचे चेहरे दिसणारे फोटो परवानगीशिवाय कोणालाही देऊ नका. वधूवरांची परवानगी बुकिंगच्या करारातच लिहून घेतलेली बरी.