गळीत हंगामात बैल दुखावला तर: इंजेक्शन टोचून गाडी जुंपू नका

कारखान्यांची धुराडी पेटली की ऊसतोडीच्या टोळ्या बैलगाड्या घेऊन बाहेर पडतात. पुढचे चार-पाच महिने बैलाला उसाचा फड, कारखान्याचा वजनकाटा आणि मजुरांची कोपी (झोपडी) एवढंच ठाऊक असतं. हंगामाच्या सुरुवातीला दवाखान्यात येणाऱ्या बैलांच्या तक्रारी बहुतेक दोनच असतात. एकाचा खांदा सुजलेला असतो, दुसरा पाय टेकवत नसतो. मालकाची मागणी मात्र एकच असते: "डॉक्टर, एक पेनकिलर मारा, खेप चुकायला नको." मुकादमाची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) अंगावर असताना खेप चुकणं किती महागात पडतं, हे आम्हालाही कळतं. तरीही या मागणीला आधी नाहीच म्हणावं लागतं.

वेदनाशामक औषध शरीरातल्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्याची निर्मिती रोखतं. त्यामुळे ताप उतरतो, सूज ओसरते, दुखणं कमी होतं. पण खुरात घुसलेला खिळा तिथेच असतो आणि खांद्यात साठलेला पूही जागचा हलत नाही. दुखतंय म्हणून बैल जो पाय अलगद टेकवत होता, त्याच पायावर तो आता भरल्या गाडीचा भार घेतो. चार दिवसांत बरी होणारी जखम मग महिनाभर चिघळते.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. हेच प्रोस्टाग्लँडिन पोटाच्या अस्तराला जपतं आणि पाणी कमी पडलं तर मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही टिकवतं. दिवसभर घाम गाळून आलेल्या तहानलेल्या बैलाला लगेच असं इंजेक्शन टोचलं तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. म्हणून बैलाला आधी पोटभर पाणी द्या, थोडा वेळ सावलीत उभा करा. एका वेदनाशामकावर दुसरं देऊ नका. वेदनाशामक आणि डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड एकत्र दिलं तर पोटात व्रण होण्याची भीती वाढते. स्टेरॉइडने बैल तासाभरात तरतरीत दिसतो, म्हणून गावोगावी त्याचं कौतुक असतं. पण त्याने रोगप्रतिकारशक्ती दबते आणि आत पू असेल तर तो पसरतो. गाभण गाईम्हशीला शेवटच्या महिन्यांत ते दिलं तर गर्भपात होऊ शकतो.

बैल दुखणं लपवतो, म्हणून ते ओळखायला शिकावं लागतं. तो दात खातो, कान मागे पाडतो, पाठीला बाक काढून उभा राहतो, रवंथ कमी करतो. वाढ्याची (उसाच्या हिरव्या शेंड्यांची) पेंढी पुढ्यात टाकली तरी नुसतं हुंगून सोडतो. चालताना दुखरा पुढचा पाय टेकला की मान वर उचलतो. ताप मोजायचा तर तासभर विश्रांती दिल्यावर मोजा. १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट हे साधारण तापमान. त्याहून बरंच जास्त भरलं तर नुसती खांदेसूज समजून बसू नका.

खांदेसूज बहुतेक वेळा जुवामुळेच होते. जोडीतला एक बैल उंच आणि दुसरा ठेंगणा असेल, जू खडबडीत असेल किंवा गाडीचा भार पुढे झुकत असेल, तर एकाच जागी घासून कातडं सोलतं आणि आत पाणी साठतं. सूज ताजी असेल तर पहिले एक-दोन दिवस गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा, नंतर कोमट पाण्याने शेका आणि सूज पूर्ण उतरेपर्यंत जू मानेवर ठेवू नका. बिब्याचा चटका आणि तापल्या सळईचा डाग अजूनही दिला जातो. त्याने सूज बरी होत नाही, उलट दुखऱ्या जागेवर भाजल्याची नवी जखम होते. सूज मऊ पडली तर ती डॉक्टरांकडूनच फोडून घ्या.

पायाचं बोलायचं तर पत्री (खुराचा नाल) मारल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बैल लंगडला, तर खिळा जिवंत भागात गेला असं धरून चाला. नालबंदाला परत बोलवा, खिळा काढून घ्या, जखम धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा.

औषधाचा डोस वजनावर ठरतो आणि फडात वजनकाटा असला तरी तो उसाचा. छातीचा घेर इंचांत मोजा. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबीही मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, की अंदाजे किलो मिळतात. घेर ७२ आणि लांबी ५८ इंच असेल तर बैल सुमारे ४५५ किलोचा. हा आकडा फोनवर सांगितलात तरी डॉक्टरांचं काम सोपं होतं. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे.

बाटलीवरचं नाव वाचायची सवय लावा. डायक्लोफिनॅकच्या जनावरांसाठीच्या वापरावर भारतात २००६ पासून बंदी आहे. २०२३ मध्ये अ‍ॅसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन, तर २०२४ च्या अखेरीस निमेसुलाइडवरही ती आली. अ‍ॅसिक्लोफिनॅकचं तर जनावराच्या शरीरात डायक्लोफिनॅकच होतं, म्हणजे नाव बदललं तरी विष तेच. ही औषधं दिलेली जनावरं मेल्यावर त्यांचं मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. देशातली गिधाडं नव्वदच्या दशकापासून याच कारणाने जवळजवळ संपली. माणसांच्या डायक्लोफिनॅकच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचल्या जात होत्या, म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनचा आकार ३ मिलीवर आणला गेला. मेडिकलमधून अशी चार-पाच इंजेक्शनं आणून एकत्र टोचणारे आजही भेटतात. मेलॉक्सिकॅम आणि टोल्फेनामिक अ‍ॅसिड ही औषधं गिधाडांना सुरक्षित ठरली आहेत आणि गुरांवर त्यांचा गुणही चांगला येतो. डॉक्टरांकडे ती नाव घेऊन मागा. दुभत्या जनावराला दिलीत तर दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही, तेही त्याच वेळी विचारून घ्या.

विश्रांतीबद्दल कायदाही बोलतो. ओझ्याच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांनुसार दिवसाला ९ तासांपेक्षा जास्त किंवा सलग ५ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. पारा ३७ अंश सेल्सियसच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ गाडी जुंपायची नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये हाच नियम सर्रास मोडला जातो. दोन जोड्या आलटून-पालटून जुंपणं ज्यांना परवडतं त्यांनी तसं करावं. ज्यांना परवडत नाही त्यांनी निदान भार तरी कमी भरावा.

उपचार चालू असताना जनावर दगावलंच, तर कोणतं औषध दिलं होतं हे नक्की माहीत नसताना ते उघड्यावर टाकू नका. सहा फूट खोल खड्ड्यात पुरा. नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून काळपट रक्त येत असेल तर ती काळपुळी असू शकते. अशा जनावराचं कातडं काढू नका, त्याला हात लावू नका आणि आधी डॉक्टरांना कळवा.