हिंदू–बेने इस्रायली लग्न ठरलंय? या चुका टाळा

बेने इस्रायली म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. त्यांच्याशी सोयरीक जुळली की सगळ्यात महागात पडते ती हॉलची घाई. शनिवारचा गोरज मुहूर्त नोकरदारांच्या सोयीचा, म्हणून लगेच इसार दिला जातो. पण शुक्रवारी सूर्यास्ताला लागलेला शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत सुटत नाही, आणि गोरज येतो नेमका त्याच्या आधी. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून कोकणात ज्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत, त्यांच्या घरची आजी त्या वेळी मांडवात येईल कशी? अक्षय्य तृतीयेचंही तसंच. ती बहुतेकदा पेसाह आणि शावुओत या ज्यू सणांच्या मधल्या, ओमेर म्हणतात त्या दिवसांत पडते, आणि त्यातले निदान पहिले ३३ दिवस कित्येक घरांत लग्न लावत नाहीत. पंचांग आणि ज्यू कॅलेंडर शेजारीशेजारी ठेवून बघा. रविवार बरा.

सप्तपदी झाली म्हणजे लग्न झालं, हा दुसरा गैरसमज. १९५५चा हिंदू विवाह कायदा ज्यूंना लागूच होत नाही. दोघंही आपापला धर्म ठेवणार असतील तर रस्ता १९५४च्या विशेष विवाह कायद्याचा. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात निदान ३० दिवस वास्तव्य हवं, नोटिशीनंतर आणखी ३० दिवस थांबायचं, आणि लग्नाला तीन साक्षीदार. नोटीस तीन महिन्यांनी बाद होते, त्यामुळे वर्षभर आधी देऊन ठेवण्यातही अर्थ नाही.

पुण्याच्या लाल देवळात, म्हणजे तिथल्या सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात), फोटो छान येतील, हे खरं. पण परंपरेने चालणारी सिनेगॉगं आंतरधर्मीय लग्न लावत नाहीत. तिथल्या हझ्झनना, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांना, भीड घालून अवघडवू नका. त्यापेक्षा आदल्या रात्रीची मेंदी एकत्र करा, घरी मलिदा हा बेने इस्रायलींचा प्रसादाचा विधी ठेवा. भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, वर फळं, आणि एलियाहू हन्नबी या प्रेषिताचं स्मरण. आपल्याकडच्या बायकांना ते ताट परकं वाटतच नाही.

ज्यू आहारनियमांमुळे जेवणात कोळंबी, खेकडे, तिसऱ्या नकोत. मटण ठेवलंत तर दही, तूप, बासुंदीही नको. वाद घालत बसण्यापेक्षा सरळ शाकाहारी पंगत ठेवा.

आता ज्यू लग्नात शेवटी नवरदेव टाचेखाली फोडतो तो ग्लास. बारीकसारीक म्हणून सगळे तो शेवटच्या क्षणावर सोडतात. माझ्या मामेबहिणीच्या लग्नात कोणीतरी टपरीवरचा कटिंगचा ग्लास उचलून आणला. काच जाड, खाली लॉन. त्यात जावईबापूंचे बूट मेहुण्यांनी पळवलेले. ते सोडवून आणण्यात दहा मिनिटं गेली. मग तीनदा टाच मारली, तरी ग्लास नुसता मातीत रुतला. शेवटी मामीने चौरंगाशेजारचा पाट ओढून रुमालातल्या ग्लासाखाली सरकवला, तेव्हा कुठे आवाज आला आणि ‘मझेल तोव’, म्हणजे अभिनंदन, झालं. पातळ काचेचे दोन ग्लास आणा, जाड नॅपकिनमध्ये गुंडाळा, पाट आधीच मांडून ठेवा. आणि मेहुण्यांना बूट पळवायचेच असतील तर ग्लास फुटल्यावर.